कागद तोच, विष वेगळे

नशा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दारूची बाटली, गांजाची चिलीम नाहीतर गर्दची पुडी येते. परंतु टपाल तिकिटाहून लहान कागदाच्या तुकड्यावरही नशा विकली जाते, हे पुष्कळ आई-वडिलांना ठाऊक नसते. म्हणून आज आम्ही या कागदाविषयी लिहीत आहोत.

या कागदावर एल.एस.डी. असते, असा सर्वसाधारण समज आहे. स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली ते तयार केले आणि १९४३ साली त्याचा मनावरील परिणाम त्यांना कळला. परंतु २०१० च्या सुमारास अशाच कागदावर दुसरे रसायन बाजारात आले. त्याचे नाव २५-आय-एनबोम. अनेकदा ते एल.एस.डी. म्हणूनच विकले गेले. घेणाऱ्याला आपण काय घेतले याचा पत्ताच नाही!

हे रसायन नशेसाठी जन्मलेले नाही. मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य निरोप पोचविते. तो निरोप घेणाऱ्या '५-एचटी-२ए' या केंद्राचा अभ्यास करण्यासाठी बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम यांनी या गटावर काम केले. त्यांचा प्रबंध २००३ चा. शास्त्रज्ञाचे ते साधन विक्रेत्याच्या हाती जाऊन विष झाले.

एल.एस.डी. आणि एनबोम, दोन्ही याच केंद्राला चिकटतात. त्यामुळे रंग हलतात, नसलेले दिसते, वेळेचे भान सुटते. एल.एस.डी.ही निरुपद्रवी नाही. त्याने भयंकर भीती वाटते, त्या भरात अपघात होतात, मूळचा मानसिक आजार उफाळतो. तरीही केवळ एल.एस.डी.ने मृत्यू क्वचितच होतो. एनबोमचे तसे नाही. हीच केंद्रे रक्तवाहिन्यांतही असतात. वाहिन्या आवळतात, रक्तदाब व नाडी वाढते, झटके येतात, अंग तापते, स्नायू विरघळू लागून मूत्रपिंडे निकामी होतात. अमेरिकेत व युरोपात यामुळे तरुण मुले दगावली आहेत. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी या रसायनावर सर्वांत कडक निर्बंध घातले.

याची मात्रा ग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. ती कागदावर सारखी पसरत नाही. एका तुकड्याने मित्राला काही झाले नाही, म्हणून शेजारचा तुकडा सुरक्षित कसा? एनबोम गिळले तर फारसे चढत नाही, म्हणून ते जिभेखाली किंवा गालात धरतात. ते बहुधा कडू लागते. परंतु कडू लागले नाही म्हणजे धोका नाही, असे कुणीही समजू नये.

मग घरात असा प्रसंग आला तर काय करावे? मारझोड करू नये, बांधून ठेवू नये, लिंबू-ताकाचे उतारे देत वेळ घालवू नये. शांत जागी बसवावे, एकटे सोडू नये. झटके, कडक ताप किंवा बेशुद्धी दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या विषावर उतारा नाही. परंतु मेंदू शांत करणारी औषधे, अंग थंड करणे आणि सलाईन यांनी जीव वाचू शकतो. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत हे रसायन सापडत नाही. म्हणून मुलाने काय घेतले, केव्हा घेतले, हे डॉक्टरांना खरे सांगावे. व्यसनाबाबत सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी विनाशुल्क क्रमांक आहे.

पुष्कळ घरांत लोक काय म्हणतील या भीतीने पहिले दोन तास दार बंद ठेवले जाते. नेमके तेच तास मोलाचे असतात. माता-भगिनींनो, मुलगा उद्या चुकला तर त्याने आधी आपल्यालाच सांगावे, एवढा विश्वास आजच त्याच्या मनात निर्माण करा. गेलेली अब्रू पुन्हा मिळविता येते. गेलेले लेकरू परत आणता येत नाही.