नागपूर दूर आहे, पण कुठून?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, सुमारे आठ तास. विमानाने दीड तास. हे स्वागतार्ह आहेच. आजच्या धाग्याचा प्रश्न वेगळा आहे : नागपूरचे अंतर नेहमी मुंबईपासूनच का मोजावे?

१९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल सेवा पाहा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. मद्रासच्या पत्राला दिल्ली गाठायची तर वाटेत नागपूर लागेच. (थैल्यांसोबत प्रवासीही असत, त्यांच्या झोपेविषयी न बोललेले बरे.)

झिरो माइलपाशी छायाचित्रे काढणाऱ्या आपल्या पिढीला नागपूरचे मध्यवर्तीपण दगडात दिसते. माझ्या मते त्याचा अधिक सबळ पुरावा त्या थैल्यांत होता. नकाशावरचे स्थान आयते मिळते. वेळापत्रक मात्र माणसांना आखावे लागते. सत्तरच्या दशकात ती सेवा थांबली, तेव्हा नागपूर जागचे तसूभरही हलले नव्हते.

म्हणून समृद्धीचा हिशेब केवळ मुंबईला पोहोचण्याच्या तासांत मांडू नये. वाशिम-बुलढाण्याचा माल नागपूरकडे किती वळतो, हेही मोजले पाहिजे.