डेडस्टॉकमधले मासे

जुनी वस्तू दुरुस्त करावी की नवी विकत घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा म्हणींवर सोडवला जातो. ‘जुने ते सोने’ म्हणणारा एक पक्ष असतो आणि ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ म्हणणारा दुसरा. दोन्ही म्हणी खऱ्या असल्यामुळे वाद मिटत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याची म्हण जिंकते. समोरची वस्तू नेमकी कशाने बनलेली आहे, तिच्यातले काय बिघडले आणि काय शाबूत आहे, ही चौकशी मात्र राहून जाते. हा वाद आमच्या महाविद्यालयात गेले काही आठवडे एका माशांच्या टाकीवरून चालू आहे. विषय क्षुल्लक वाटेल, पण जतन, शुद्धी आणि नूतनीकरण हे शब्द आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात रोज वापरत असतो. ते शब्द एका काचेच्या टाकीपाशी टिकतात का, हे पाहण्याजोगे आहे असे आम्हांस वाटते.

टाकी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात आहे. लांबी चार फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट, वय वीस वर्षांच्या आसपास. मागच्या बाजूच्या तळकोपऱ्यातून पाणी झिरपू लागले, तेव्हा मासे प्लॅस्टिकच्या पिंपात हलवले गेले आणि प्रश्न खरेदी समितीपुढे गेला. कार्यालयाचे मत साधे आहे: जुन्या टाकीचे निर्लेखन करावे, तीन दरपत्रके मागवावीत, नवी टाकी घ्यावी. ह्या टाकीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात आहे, हे त्या निमित्ताने आम्हांला कळले. खुर्च्या, कपाटे, भिंतीवरचे घड्याळ आणि त्यांच्याच रांगेत ‘काचेची टाकी, नग 1’. मासे अर्थातच कोणत्याच नोंदवहीत नाहीत. वादाचे मूळ आमच्या मते ह्या नोंदीतच आहे. कार्यालय ज्या वस्तूचा विचार करत आहे ती नग 1 आहे, आणि वाचनकक्षात जी आहे ती निराळीच गोष्ट आहे.

साहित्याच्या माणसांनी येथे एक पथ्य पाळायला हवे. टाकी दिसली की ती आपल्याला लगेच प्रतिमा वाटू लागते. काचेमागचे जग, बंदिस्तपण, पारदर्शक भिंती अशी एक जुळणी मनात आपोआप तयार होते आणि मग गळती हीसुद्धा काहीतरी सुचवू लागते. पिंपात हलवलेल्या माशांना ह्यातले काही ठाऊक नाही. त्यांना पाणी हवे, पाण्यात प्राणवायू हवा आणि पाण्यातले विष कोणीतरी कमी करत राहायला हवे. म्हणून प्रथम टाकीचे शरीरशास्त्र पाहू.

पूर्वी लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून फटींत लांबी भरत असत. पुढे सिलिकॉन आले आणि चौकटीची गरज संपली. आजच्या टाकीत काच काचेला चिकटलेली असते ती केवळ सिलिकॉनच्या पातळ थराने. आमच्या टाकीत काठोकाठ पाणी भरले तर ते सुमारे 255 लिटर होते, म्हणजे तितकेच किलो वजन. पुढच्या चार फुटी काचेला ते पाणी बाहेरच्या दिशेने जवळजवळ सव्वाशे किलो वजनाच्या जोराने रेटत असते. कोणत्याही बिंदूपाशी पाण्याचा दाब किती, हे टाकीच्या लांबीवर ठरत नाही, वर किती उंचीचे पाणी आहे ह्यावर ठरते. म्हणून तळाकडचा सांधा सर्वांत जास्त सोसतो आणि गळती बहुधा तेथेच प्रथम दिसते.

ह्या सांध्याचे दोन भाग असतात. एक, दोन काचांच्या मधला थर, जो खरा भार पेलतो. दुसरा, आतल्या कोनात बोटाने ओढलेली सिलिकॉनची रेघ, जी मधल्या थरापर्यंत पाणी पोहोचू देत नाही. आतली रेघ खरवडून नवी ओढणे हे एका दिवसाचे काम आहे, पण त्याने भार पेलणारा सांधा बळकट होत नाही. शिवाय सुकलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे गळणाऱ्या जागी बाहेरून ठिगळ लावणे म्हणजे वेळ मारून नेणे होय. दुरुस्ती करायचीच तर टाकी खोलावी लागते, पात्याने जुना थर पूर्ण काढावा लागतो, काचेच्या कडा स्वच्छ पुसाव्या लागतात आणि बुरशीनाशक न घातलेले सिलिकॉन वापरून ती पुन्हा उभारावी लागते. नेहमीचे सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, पाणी भरू नये. त्यानंतर टाकी सपाट जागेवर थर्मोकोलच्या पट्ट्यावर ठेवून भरावी, पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि दोन-तीन दिवस खाली कोरडा कागद पसरून पाहावे.

हे सगळे करण्याजोगे केव्हा, तर काच धड असेल तेव्हा. तळाच्या काचेला तडा असेल, कडेचा टवका उडाला असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडावा. तडा गेलेली काच जोडून तिच्यावर अडीचशे किलो पाणी तोलून धरायचे नसते. चुन्याचे पांढरे डाग मात्र व्हिनेगरने जातात, साबण लागत नाही आणि लावूही नये. खोल चरे जात नाहीत, परंतु त्यांनी माशांचे काही बिघडत नाही. आमच्या टाकीच्या पाचही काचा धड आहेत. बिघडला आहे तो सांधा.

आता टाकीतली दुसरी गोष्ट, जी दरपत्रकात कधीच येत नाही. मासे पाण्यात अमोनिया सोडतात आणि तो त्यांनाच घातक असतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, ते नायट्राइटही विषारीच असते. मग आणखी जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे तुलनेने निरुपद्रवी असते आणि थोडे थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे राहत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजावर, खडीवर, काचेवर वस्ती करतात. कोऱ्या टाकीत ही वस्ती बसायला सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. नवी, लखलखीत टाकी आणून त्याच दिवशी सगळे मासे सोडणाऱ्याचे मासे पहिल्या महिन्यात मरतात ते ह्याच कारणाने, आणि दोष मात्र दुकानदाराला किंवा नशिबाला दिला जातो.

म्हणजे वीस वर्षांत आमच्या टाकीने जे कमावले आहे ते तिच्या काचेत नाही. ते हातभर लांबीच्या एका मळकट स्पंजात आणि तळाच्या खडीत आहे. टाकी दुरुस्त होवो की नवी येवो, तो स्पंज पिंपातल्या पाण्यात, हवेचा पंप चालू ठेवून जिवंत राखला पाहिजे. कोणी स्वच्छतेच्या उत्साहात तो नळाखाली धरला, तर नळाच्या पाण्यातले क्लोरीन ही कमाई बऱ्याच अंशी पुसून टाकील. समितीच्या दोन बैठकांत काचेच्या जाडीवर चर्चा झाली. स्पंजाचा विषय दोन्ही वेळा आम्हांलाच काढावा लागला.

येथे आम्हांला पाठचिकित्सेची आठवण होते, ती ओढूनताणून नव्हे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनेक शतकांच्या हस्तांतरात पाठांत शिरलेले दोष त्यांनी दूर केले. आहे ती प्रत जशीच्या तशी पुजावी असे त्यांना वाटले नाही आणि भाषा जुनी झाली म्हणून नवा ग्रंथ रचून तो ज्ञानेश्वरीच्या जागी ठेवावा असेही वाटले नाही. पुढे वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून 1909 साली ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा शुद्धी करताना काय गेले असेल हा उलटा प्रश्न उभा राहिला. दोघांच्या भूमिका भिन्न असल्या तरी दोघांनीही आधी ठरवले की ह्या वस्तूचा प्राण कोठे आहे, आणि मग हात घातला. जतनाचा विचार करणाऱ्याला ह्याहून वेगळी वाट नाही. साम्य येथेच संपते, हेही सांगितले पाहिजे: पोथी कपाटात शंभर वर्षे थांबू शकते, पिंपातले मासे थांबत नाहीत.

विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा ग्रंथपालांचा आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. टाकीपासून चार पावलांवर जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत. अडीचशे लिटर पाणी एका रात्रीत जमिनीवर आले तर खालचा खण वाचणार नाही, आणि त्यांतले काही खंड पुन्हा मिळणारे नाहीत. नव्या टाकीची निदान हमी तरी मिळते, असे त्यांचे म्हणणे. ह्यावर आमचे उत्तर असे की हमी टाकीच्या किमतीची असते, खंडांची नव्हे. टाकी नवी असो वा जुनी, ती त्या खंडांच्या शेजारी असूच नये. ती प्रवेशद्वाराजवळच्या कोपऱ्यात, थेट फरशीवर उभ्या केलेल्या भक्कम घडवंचीवर हलवावी. हा निर्णय जुन्या-नव्याच्या वादापेक्षा महत्त्वाचा आहे आणि तो वादामुळेच मागे पडला आहे.

मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न मुंबईने पाहिला आहे. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी शाळेच्या सहलीत समुद्रातला मासा प्रथम पाहिला तो तेथे. ते दुरुस्तीसाठी बंद होऊन 2015 मध्ये अॅक्रिलिकच्या बोगद्यासह पुन्हा उघडले, तेव्हा आनंदच झाला. परंतु 2020 च्या टाळेबंदीत मिटलेली दारे नंतर प्रेक्षकांसाठी उघडली नाहीत. इमारतच धोकादायक ठरली. खारे पाणी आणि खारी हवा काँक्रीटमधल्या लोखंडाला काय करते, हे सर्वांना माहीत आहे. त्या कामात कोणी काय करायला हवे होते, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण आतली रेघ आणि मधला थर ह्यांतला फरक तेथेही दिसतो. पाहणाऱ्याला दिसते ते नवे झाले की वस्तू नवी झाली असे वाटते, आणि भार पेलणारी गोष्ट डोळ्यांआड तशीच राहते.

आणखी एक सांधा आहे आणि त्याविषयी कोणीच बोलत नाही. ही टाकी वीस वर्षे चालली ती ग्रंथालयातल्या मामांमुळे. दर शनिवारी एक बादली पाणी काढायचे, नवे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचे, स्पंज काढलेल्याच पाण्यात पिळायचा, सुट्टीत कोणाला किती खाणे टाकू द्यायचे नाही, हे सारे त्यांना ठाऊक आहे आणि ते कोठेही लिहिलेले नाही. मामा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्यानंतर हे कोण करणार, ह्याचे उत्तर नसेल तर नवी टाकी दोन वर्षांत हिरवी पडेल आणि दुरुस्त केलेलीही पडेल. मग प्रामाणिक मार्ग एकच उरतो: मासे जाणत्या माणसाकडे सोपवावेत आणि कोपरा रिकामा ठेवावा. तो पर्याय लाजिरवाणा नाही, पण समितीच्या टिपणात तो नाही.

म्हणून आमचे मत आम्ही असे मांडले आहे. काचा धड आहेत, तेव्हा टाकी पूर्ण खोलून नव्याने जोडावी. बाहेरून ठिगळ लावून काम उरकू नये. जोडल्यावर तीन दिवसांच्या चाचणीत पाणी झिरपले, तर तेथेच थांबावे आणि विनातक्रार नवी घ्यावी. जुन्यावरचे आमचे प्रेम त्यापुढे जात नाही. दोन्ही परिस्थितींत स्पंज आणि खडी जुनीच राहील. जागा बदलावी. मामांकडून दोन विद्यार्थी आणि एक अध्यापक ह्यांनी हे काम चालू सत्रातच शिकून घ्यावे, आणि त्या अध्यापकाचे नाव आम्ही आमच्यातूनच दिले आहे. दुरुस्तीचा खर्च नव्या टाकीपेक्षा कमी येईल असा आमचा दावा नाही. कारागिराची मजुरी धरली तर तो जवळपास तितकाच होऊ शकतो. दुरुस्ती करावी ती पाच चांगल्या काचा भंगारात टाकायला कारण नाही म्हणून, आणि ती करताना टाकी कशाने उभी राहते हे आमच्या मुलांना पाहायला मिळेल म्हणून.

समितीची तिसरी बैठक ह्या महिनाअखेर आहे. निर्णय कोणताही झाला तरी डेडस्टॉक रजिस्टरातल्या त्या नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना रिकामा आहे, तेथे देखभाल करणाऱ्याचे नाव आणि पाणी बदलण्याचा वार लिहावा, एवढी आमची मागणी आहे. तिला नियमाची आडकाठी नाही, हे आम्ही कार्यालयात विचारून घेतले आहे.