टॅलीचा नवा पडदा आणि मामूंची बोटं

अमरावतीच्या इतवाऱ्यात भाईजानचं कापडाचं दुकान आहे. हिशेब मामू लिहितात. 'टॅली ईआरपी 9'वर त्यांची बोटं पडद्याकडे न पाहता चालतात. मागे अकोल्याहून खालाचा मुलगा आला आणि म्हणाला, "मामू, आता टॅली प्राइम घ्या. पडदा किती साफ आहे!" मामू तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "बेटा, नवं आलं की माझी गरज संपली का?"

हा प्रश्न पुष्कळ दुकानांत आहे. टॅली प्राइम 2020च्या नोव्हेंबरात आलं. नव्याला नको म्हणून चालत नाही, पण पडदा दिसतो कसा यावरून निर्णय घेऊ नये. त्यावर जो रोज बसणार, त्याचं काम अडतं का, हे पाहावं.

आम्ही तसंच केलं. शिकाऊ पद्धतीत प्राइम विनाखर्च चालतं, मात्र त्यात महिन्याच्या मोजक्याच तारखांच्या नोंदी होतात. दुकान बंद झाल्यावर मामूंना बसवलं आणि रोजची दहा कामं करायला दिली. विक्री एफ 8, खरेदी एफ 9, जमा एफ 6, सगळं जुन्याच जागी. अडलं ते माल परतीला. क्रेडिट नोट पूर्वी कंट्रोल एफ 8वर होती, आता ऑल्ट एफ 6वर आहे. कापडाच्या धंद्यात परती रोजचीच. एफ 1 दाबलं की पूर्वी कंपनी निवडता यायची, आता मदत उघडते. पण ऑल्ट जी दाबून हवा तो अहवाल थेट शोधता येतो आणि अर्धवट बिल तसंच राहतं. हे मामूंना फार आवडलं. गिऱ्हाईक समोर उभं राहून बाकी विचारतं, तेव्हा बिल सोडावं लागत नाही.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, डेटाचा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो उघडून बघा. 3.0 किंवा पुढच्या आवृत्तीत नेलेला डेटा जुन्या टॅलीत उघडत नाही. दुसरी, वेळ. 2025मध्ये ईद नेमकी 31 मार्चला आली. ईदची गर्दी आणि वर्षअखेर एकत्र! अशा दिवसांत बदल नको. तिसरी, कुणी "कायद्याने सक्ती आहे" म्हटलं तर आपल्या सीएला विचारा. फेरबदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा 1 एप्रिल 2023पासूनचा नियम कंपन्यांसाठी आहे. एकट्या मालकीच्या दुकानाला तो लागू नाही.

आठ संध्याकाळी मामू बसले. बदललेल्या कळा त्यांनी स्वतः उर्दूत लिहून कागद मॉनिटरला चिकटवला. मग भाईजानला म्हणाले, "घे, पण सीझन संपल्यावर. आणि पोराला मी शिकवीन."