दहाव्या वर्षीच जागा ‘फिक्स’ कशाला?

जेकब डीग्रॉम हे नाव बेसबॉल बघणाऱ्यांना नवं नाही. 2018 आणि 2019 अशी सलग दोन वर्षं तो नॅशनल लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला, साय यंग पुरस्काराचा मानकरी. गंमत म्हणजे कॉलेजची पहिली दोन वर्षं हा पठ्ठ्या शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर. पिचिंगकडे तो वळला तिसऱ्या वर्षी!

तरीही अमेरिकेत आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या जागा ठरवून टाकणारे कोच आणि पालक कमी नाहीत. उंच, दणकट मुलगा दिसला की तो पिचर. कच्चा वाटला की राइट फिल्डला. का? तर बहुतेक बॅटर उजव्या हाताने खेळतात, त्यामुळे लहान वयात तिकडे चेंडू फारसे येत नाहीत. यात मुलाचा विचार कमी आणि येत्या रविवारची मॅच जिंकायचा जास्त.

नुकसान दोघांचंही होतं. राइट फिल्डचा मुलगा नुसता उभा राहतो, शिकत काहीच नाही. पिचरच्या कोपर-खांद्यावर हाडं पक्की व्हायच्या आधीच ताण येतो. म्हणून तर लिटल लीगमध्ये दिवसाला किती चेंडू टाकायचे याला मर्यादा आहे: 9-10 वर्षांच्या मुलांना 75, 11-12 वर्षांच्यांना 85. शिवाय 41 किंवा जास्त चेंडू टाकले की त्या दिवशी कॅचर व्हायचं नाही, कारण कॅचरलाही सारखं थ्रो करावं लागतं.

काही कोच म्हणतात, कॅचिंगसारखं कौशल्य लवकर सुरू केलं नाही तर मुलगा मागे पडतो. लवकर शिकायला हवं, हे मान्य. पण लवकर शिकवा म्हणजे तेवढंच शिकवा असं नाही ना! केनली जॅन्सन 2009 पर्यंत कॅचर होता. मग पिचर झाला आणि 400 हून जास्त सेव्ह त्याच्या नावावर लागले. मुकी बेट्स सेकंड बेसवरून राइट फिल्डला गेला, तिथे सहा गोल्ड ग्लव्ह मिळवले आणि तिशी उलटल्यावर शॉर्टस्टॉपला उभा राहिला.

आमचं म्हणणं सरळ आहे. बाराव्या वर्षापर्यंत प्रत्येकाने सगळ्या जागी खेळावं. हायस्कूलमध्ये दोन-तीन जागा निवडाव्यात. एकच जागा पकडायची ती वाढ पूर्ण होत आल्यावर, सतरा-अठराव्या वर्षी, आणि त्यात खेळाडूचं मत हवंच.

तुमच्यापैकी कुणी संध्याकाळी मैदानावर लहान मुलांना बेसबॉल किंवा सॉफ्टबॉल शिकवत असाल, तर एवढं करा. दर दोन इनिंगला जागा बदला. एखादी मॅच हराल, हरकत नाही. पण राइट फिल्डला कंटाळलेल्या पोराच्या हातात एकदा चेंडू देऊन तर बघा.