लेन्स घ्यावी की थांबावे?

मंगल परिणय, नामकरण, जयंतीचे फोटो काढून घराला हातभार लावणारी मुले आता वस्तीवस्तीत दिसतात. काम वाढले की महागडी लेन्स हवीशी वाटते. ७०-२०० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स नवी घ्यायची तर लाखाच्या पुढे जाते. घरात तेवढे पैसे असले, तर ते बहुधा बहिणीच्या फीसाठी राखलेले असतात. मग वाद होतो.

लेन्स म्हणजे शौक नव्हे, धंद्याचे हत्यार, हे आईवडिलांनी समजून घ्यावे. पण हत्याराने आपली किंमत वसूल करून दिली पाहिजे, हे मुलानेही ध्यानात ठेवावे.

हॉलमध्ये उजेड कमी असतो. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ ५.६ वर येते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या नऊपटीहून अधिक उजेड घेते, आणि मोठ्या लेन्सपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. तिला झूम नाही. आपणच पुढेमागे सरकावे लागते.

मोठी लेन्स कामापुरती भाड्याने आणावी. एका लग्नसराईची मिळकत आणि भाडे वहीत मांडावे. आकडे परवडतात असे दिसले, तरच खरेदी करावी. जुनी घेताना बॅटरीच्या उजेडात काच तपासावी. दमट हवेत आत बुरशी धरते.

फीच्या पैशांना मात्र हात लावू नये. लेन्स पुढच्या वर्षीही मिळेल, हुकलेला प्रवेश मिळेलच असे नाही.