राजदूत होण्याआधी

विल्मा मार्टिनेझ यांची ओळख करून देताना लोक हटकून शेवटापासून सुरुवात करतात: अर्जेंटिनातल्या अमेरिकेच्या पहिल्या महिला राजदूत, २००९ ते २०१३. मला त्या बंगल्या-झेंड्यात फारसा रस नाही. त्यांचं खरं काम त्याआधी तीसेक वर्षं होऊन गेलं होतं.

जन्म १९४३चा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा, मेक्सिकन वंशाच्या घरातला. कोलंबिया विद्यापीठातून वकील होऊन त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेत काम शिकल्या. १९७३मध्ये, अवघ्या तिशीत, माल्डेफच्या प्रमुख झाल्या. मेक्सिकन-अमेरिकन लोकांचे खटले लढवणारी ही संस्था जेमतेम पाच वर्षांची, फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर उभी राहिलेली. आता देणग्या मिळवायच्या, वकील टिकवायचे आणि शेकडो गाऱ्हाण्यांतून कोर्टात टिकेल असं एखादं निवडायचं. असल्या कामाला टाळ्या पडत नाहीत.

१९६५चा मतदान हक्क कायदा प्रामुख्याने कृष्णवर्णीयांसाठी झाला होता. मतपत्रिका फक्त इंग्रजीत असेल तर स्पॅनिश बोलणाऱ्याचा हक्क कागदावरच राहतो, हे मार्टिनेझ यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे मांडलं. नागरी हक्क चळवळीतल्या काही जुन्या मित्रांना धास्ती होती, की कायद्याला हात लावला तर आहे तेही हातचं जाईल. भीती अगदीच खोटी नव्हती. तरी १९७५मध्ये दुरुस्ती झाली आणि तिच्यातल्या भाषांच्या कलमात स्पॅनिशसोबत आशियाई भाषाही आल्या. पुढे २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली मतपत्रिका छापल्या गेल्या, त्या याच कलमाच्या आधारावर.

त्याच १९७५मध्ये टेक्सासने कायदा केला, की देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या शिक्षणाला सरकारी पैसा मिळणार नाही. टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागितले. आईबाप मजुरी करणारे, एवढे पैसे आणणार कुठून? माल्डेफने खटला भरला. पालकांची नावं उघड होऊ नयेत म्हणून ‘डो’ हे टोपणनाव लावलं. न्यायाधीशांनी सुनावणी भल्या पहाटे सहाला ठेवली. कुटुंबं गाडीत सामान भरूनच आली, कारण कोर्टातून थेट देशाबाहेर काढतील याची त्यांना जवळजवळ खात्री होती. तरीही ती आली. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत धाडसी वाटतात ती ही माणसं, वकील त्यांच्यानंतर.

१९८२मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: मुलांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही. शेवटचा युक्तिवाद मार्टिनेझ यांनी केला नाही, संस्थेतल्या सहकाऱ्याने केला. खटल्याच्या नावातही त्या नाहीत. तिथे शाळांचे अधीक्षक प्लायलर अमर झाले!

त्याच वर्षी माल्डेफ सोडून त्या लॉस एंजेलिसच्या एका बड्या लॉ फर्ममध्ये गेल्या. नऊ वर्षं दुसऱ्यांसाठी देणग्या मागितल्यावर स्वतःच्या कामाचं बिल लावायला काय हरकत आहे?