थकवा अजून उतरला नाही



गेल्या महिन्यात माझी भाची घरी आली. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ती परिचारिका आहे. जिना चढून आली आणि धापा टाकत दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिली. मी विचारले, "धावत आलीस का गं?" म्हणाली, "नाही खाला, दोनच मजले तर आहेत. कोरोना झाल्यापासून असंच होतं."

तिला कोरोना झाला २०२१ च्या एप्रिलमध्ये, रमजान चालू होता तेव्हा. पंधरा दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह आला, ती पुन्हा वॉर्डात हजर झाली. आम्ही अल्लाहचे आभार मानले आणि विषय मिटला असे समजलो.

त्या दिवशी तिने पहिल्यांदाच मोकळेपणाने सांगितले. पीपीई किट एकदा चढवले की सहा-आठ तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. किट उतरवले तर दुसरे लागणार, आणि किट मोजकेच. म्हणून कित्येकजणी ड्यूटीवर निघायच्या आधीपासूनच पाणी तोडत. लघवी तुंबवून ठेवली की मूत्रमार्गाला संसर्ग होतो, हे रोग्यांना शिकवणाऱ्या या मुली स्वतःच त्या दुखण्याने बेजार झाल्या. मास्कने नाकावर जखमा, घामाने अंगावर पुरळ. पाळीच्या दिवसांचे हाल तर आपल्या बहिणींना वेगळे सांगायला नकोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने गेले. आपल्याकडे सरकारने ५० लाखांचा विमा जाहीर केला, पण तो मृत्यूनंतरचा. जी जगली आणि दोन मजल्यांत दमते, तिचे काय? थाळ्या वाजवणाऱ्यांतल्याच काहींनी नर्सला सोसायटीत राहू द्यायला नकार दिला होता, तेही मी विसरलेले नाही.

आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनंतरही थकवा, धाप, विसराळूपणा राहिला आणि त्याला दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्याला लाँग कोविड म्हणतात. तो आळस नव्हे. अशा माणसाला "जरा व्यायाम कर, बरं वाटेल" म्हणून पिटाळू नये. झेपेल तेवढेच काम, मध्ये मध्ये विश्रांती. आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखरही पाहावी, कारण दम लागण्याचे कारण कधी तिथेही सापडते.

मनाचे दुखणे मात्र रिपोर्टमध्ये येत नाही. भाचीने एका रात्री एका आजीबाईंना मोबाईलवर त्यांच्या मुलाशी बोलायला दिले होते. सकाळी खाट रिकामी. अजूनही झोपेत तिला मॉनिटरचा आवाज ऐकू येतो, आणि हे ती घरी कुणाला सांगत नाही. सांगायला गेली तर उत्तर ठरलेले: "तू नर्स आहेस, तुला काय होणार?" भल्या हेतूनेच म्हणतात, पण बोलणारीचे तोंड तिथेच बंद होते. झोप उडाली असेल, जीव घाबरत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फुकट बोलता येते. मानसोपचार तज्ज्ञाकडे जाण्यात कसली लाज?

येत्या गुरुवारी मी तिला डॉक्टरांकडे नेणार आहे. ती म्हणते, "खाला, त्या दिवशी माझी ड्यूटी आहे."

मी म्हटले, रजा टाक.